तोंड बघून दिलेलं उत्तर

आणि तुमचं काय जाणार होतं, नाना? नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. बापानं पोराकडे बघून एवढीशी मान हलवली म्हणून जळगावातली एकही डाळ मिल बंद पडली नसती. पण तुम्ही उभे राहिलात ते खांबासारखे, आणि मग शेठसमोर, त्या आडत्यासमोर, सगळ्या हमालांसमोर जे बोलायचं ते बोललात. त्याला अकरा वर्षं झाली. तुम्हाला जाऊन नऊ झाली. तरी हे भांडण माझ्याकडून सुटलेलं नाही, कारण उद्या सकाळी दहा वाजता मला परत तसंच कुणासमोर तरी उभं राहायचंय, आणि या वेळी शेजारी तुम्हीही नसणार.

उद्या माझा इंटरव्ह्यू आहे. सत्तावीस वर्षांचा झालो, सात ठिकाणी कामं करून सोडली, पण इंटरव्ह्यू हा पहिलाच. याआधी कुणी मला काही विचारलंच नाही. पाइपच्या कारखान्यात मावशीच्या दिरानं नेऊन उभं केलं, मुकादम म्हणाला उद्यापासून ये. सुरतेला गल्लीतल्या पोरांबरोबर गेलो, जिथं ते शिरले तिथं मी शिरलो. इथं ठेकेदारानं माझा दंड दाबून पाहिला, बैलबाजारात दाबतात तसा, आणि म्हणाला चढ ट्रकवर. कामाला लागणं म्हणजे मला एवढंच माहीत. मन उठलं की निघायचं, दुसरीकडे पुन्हा कुणीतरी दंड दाबतो. माझा पाय कुठं टिकत नाही हे तुम्ही मी पाच वर्षांचा असतानाच आईला सांगून ठेवलं होतं, तेव्हा त्यात नवीन काही नाही.

मी इथं गुजरातेत समुद्राकाठी आहे, बंदराजवळच्या गोदामांत. दीड वर्ष झालं, एवढं मी कुठंच राहिलो नव्हतो. जहाजातून तूर येते, आफ्रिकेची, ब्रह्मदेशची. आपल्याकडच्या तुरीपेक्षा दाणा बारीक, वास वेगळा, जरा लाकडासारखा. ती आम्ही उतरवायची आणि थप्पी लावायची. दोन महिन्यांमागे एक पोतं पाठीवर घेतलं आणि ते थंड लागलं. दुसरं घेतलं, तेही थंड. मी मुकादमाला म्हटलं, ही ओळ ओली आहे, वेगळी लावा. त्यानं आईवरून शिवी दिली आणि म्हणाला, तू पाठ चालव, तोंड नको चालवू. पण तिथं लॅबच्या मॅडम उभ्या होत्या. त्यांनी त्या पोत्यांतला दाणा काढून मशीनमध्ये घातला आणि मग मला बोलावून विचारलं, तुला कसं कळलं. मी म्हटलं, माझे वडील डाळ मिलमध्ये माल बघायचे. बस, एवढंच म्हटलं. आठ दिवसांनी त्यांनी सांगितलं की नमुने काढायला एक माणूस पाहिजे, ठेकेदाराचा नाही, कंपनीचा. हेड ऑफिसचा साहेब येणार, तो विचारेल, दाणे समोर ठेवील, तू सांगायचं.

तुम्ही म्हणाल, मग घाबरायचं काय त्यात. ऐका. माझ्या कमरेचा मणका सरकलाय. इथल्या डॉक्टरनं फोटो दिव्याला धरून दाखवला आणि म्हणाला, पोतं उचलणं सोडलं नाहीस तर तिशीत काठी घ्यावी लागेल. हे आईला माहीत नाही. त्यात ठेकेदाराला कळलं की मी लॅबमध्ये घुसायला बघतोय. त्यानं ओरडायचं सोडून हसत सांगितलं, तिकडे नाही लागलास तर इकडेही येऊ नकोस. तो हसत बोलतो तेव्हा तसंच करतो. म्हणजे उद्या साहेबानं नाही म्हटलं की परवा मला ना हे काम ना ते, आणि पाठ ही अशी. साक्रीकडे गावी परत जाऊन आईसमोर बसायचं, एवढंच उरतं. सकाळपासून तीनदा संडासला जाऊन आलो. दुपारचं जेवण ताटात तसंच आहे. खिडकीतून खारा वारा येतोय आणि माझे तळहात असे ओले की हा कागद चिकटतोय.

खोलीत माझ्याबरोबर यूपीतल्या बलियाकडचा एक माणूस राहतो, पन्नाशीचा, क्रेनवर आहे, सगळे त्याला चाचा म्हणतात. त्यानं आयुष्यात चार इंटरव्ह्यू दिले आणि चारही वेळा घरी आला, म्हणून अनुभव आपल्यालाच आहे असं त्याचं म्हणणं. आठ दिवस तो माझी तयारी करून घेतोय. बादली उलटी करून तिच्यावर बसतो, चष्मा नाकाच्या टोकावर ओढतो आणि साहेब होतो. अपने बारे में बताइए, असं म्हणतो. मी सरळ उभा राहून नाव सांगतो, तालुका साक्री, जिल्हा धुळे सांगतो, आणि संपतो. स्वतःबद्दल माणसानं आणखी काय सांगायचं? चाचा म्हणतो, एवढं तर मुलगी बघायला आलेले पण विचारत नाहीत, पण हे विचारतील, तेव्हा बोल. मी बोललो की म्हणतो, "जवाब दे रहा है कि माफ़ी माँग रहा है?"

हे हसण्यावारी गेलं असतं. पण परवा त्यानं एक केलं. दोन-चार साधे प्रश्न विचारले, गोदामात किती ओळी, थप्पी किती उंच, मी नीट सांगत होतो. मग त्यानं चेहरा एकदम कडक केला, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि त्याच आवाजात म्हणाला, "दो और दो पाँच होते हैं ना?" आणि मी म्हटलं, जी.

नाना, मी जी म्हटलं. मला दोन आणि दोन किती हे ठाऊक नाही असं नाही. पण त्याच्या तोंडावर असं होतं की याला हो पाहिजे, आणि ते माझ्या तोंडातून निघून गेलं. चाचानं चष्मा काढला. मला वाटलं आता थट्टा करील, पण त्यानं बादली सरळ केली आणि तो नळाला गेला.  साहेबानं उद्या ओल्या दाण्याची वाटी पुढं करून, सूखा माल है ना, असं म्हटलं तर मी काय म्हणेन हे मला आत्ताच माहीत आहे.

दुसरी भीती दाताची. मॅडमनी एकदा लॅब दाखवायला नेलं होतं. पांढरं टेबल, ओळीनं बश्या, प्रत्येकीत मूठभर तूर. मी बघायला वाकलो आणि कधी दाणा उचलला आणि कधी तोंडाकडे नेला मला कळलंच नाही. मॅडमनी मनगट धरलं. म्हणाल्या, इथं दात चालत नाहीत. जहाजातल्या मालावर किडीसाठी औषध मारलेलं असतं, भिंतीवर पाटीही आहे, नमुना तोंडात घालू नये, आणि साहेब याच गोष्टीला फार कडक. मी माफी मागितली. पण चावायचं नाही तर मग माझ्याकडे आहे काय? तुमच्याकडून मी घेतलं ते एवढंच. कट्ट वाजला तर कोरडा, दाताखाली चेपला तर ओला, आणि मधल्या सगळ्या पायऱ्या. तेव्हा चाचानं किराणा दुकानातून पाव पाव किलो तूर आणली, थोडी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली, आणि मी हात मागं धरून बसतो, तो वाटी पुढं करतो, हात तोंडाकडे गेला की फूटपट्टी मारतो. मनगट लाल झालंय. चार दिवसांत हात जरा ऐकायला लागला. मुठीत खुळखुळवून आवाज ऐकायचा, नखानं दाबायचा, पोत्यात कोपरापर्यंत हात खुपसून गारवा बघायचा, हेही तुम्हीच दाखवलं होतं, पण मला ते आठवायला फूटपट्टी लागली.

वाट्या समोर आल्या की जळगावच्या रेल्वे फाटकापलीकडच्या आपल्या त्या दोन खोल्या येतात. सुट्टीचा दिवस असतो, तुम्ही स्वयंपाकघरात फरशीवर सहा वाट्या मांडता, प्रत्येकीत वेगळ्या पोत्यातली तूर. मी मांडी घालून समोर. आई चुलीपाशी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापता थापता म्हणते, "वाट्या बठ्ठ्या तूरमा गयात, आते वरण काय हातमा वाढू?" तुम्ही हसत नाही, कारण तुम्ही कामात असता. मला म्हणता, "दात लाव. काय वाटस?" मी दाणा फोडतो आणि सांगतो. तुम्ही बरोबर म्हणत नाही, चूक म्हणत नाही, पुढची वाटी सरकवता. सहा झाल्या की मग किती चुकल्या ते सांगता. आधी चार चुकायच्या. मग तीन. मग एक दिवस एकही नाही, आणि तुम्ही आईकडे वळून नुसतं हं म्हणालात. त्या एका 'हं'साठी मी काय केलं असतं ते विचारू नका. काय केलं तेच सांगतो.

तुमचा खालचा ओठ, नाना. उत्तर बरोबर असलं की तो किंचित आत जायचा. तुम्हाला हे माहीत नव्हतं, आईलाही नसेल. मला आठवडाभरात कळलं. मग मी दाणा फोडायचो, अर्धा शब्द बोलायचो आणि थांबायचो. को... म्हणायचो आणि तुमच्या ओठाकडे बघायचो. आत गेला की कोरडी म्हणून पुरं करायचं. नाही गेला की खोकल्यासारखं करून ओली म्हणायचं. सहापैकी सहा. तुम्ही मिलमध्ये सांगत सुटलात की पोऱ्याचा दात माझ्या पुढं जाईल. मी दहावीची फीही भरू दिली नाही, म्हटलं मला मिलमध्येच जायचंय, आणि तुम्ही शाळेचा हट्ट सोडलात. त्या ओठाच्या भरवशावर मी शाळा सोडली.

मग तो दिवस. तुम्ही धुतलेला शर्ट घातलाय, मला डोक्याला तेल लावून सायकलवर पुढं बसवलंय, सोळा वर्षांच्या घोड्याला. मिलच्या अंगणात तूर वाळत घातलेली, भुशाचा वास. शेठ खुर्चीवर बसलेले, बाजूला तो आडत्या, ज्याचा माल आलाय, पानानं लाल झालेलं तोंड. शेठ म्हणाले, बघू दे तुझा वाघ. त्यांनी परखीची टोकदार नळी खुपसली आणि पोत्यातला दाणा माझ्या तळहातावर ओतला. तुम्ही आधीच चाखून बघितला होता हे मला दिसलं होतं. मी दाणा दाताखाली धरला. फोडला. को... म्हटलं आणि तुमच्याकडे बघितलं.

तुम्ही खांब. ओठ नाही, डोळा नाही, काही नाही. आडत्या मात्र हसत मान डोलवत होता, हा हा, बोल बेटा. मी वाट बघितली, आणि तुमचं तोंड शांत आहे म्हणजे बरोबरच असेल असं धरून बोललो, कोरडी शे.  तुम्ही शेठकडे वळलात आणि म्हणालात, "शेठ, याले ठेवू नका. हाऊ मन्हं तोंड देखीसन बोलस, दाना देखीसन नई."

हमाल हसले. शेठही हसले, पण तुमच्यासाठी हसले, कारण तुम्ही लगेच पुढं सांगितलंत की मालात चौदा टक्के ओल आहे, आणि आडत्याचं तोंड उतरलं. मी तिथून चालत निघालो. रेल्वे फाटकापाशी तुम्ही सायकल हातात धरून मागून आलात, माझ्या बरोबरीनं चाललात, गाडी जाईपर्यंत दोघं उभे होतो, आणि तुम्ही एक शब्द काढला नाहीत. काढला असता तर मी भांडलो असतो. पंधरा दिवसांनी सुरतेला गेलो. दोन वर्षांनी तुमची छाती भरली आणि फोन आला. त्या दोन वर्षांत आपण फोनवर जे बोललो त्यात पाऊसपाण्याच्या पलीकडे काही नव्हतं. एकदा तुम्ही जेवणाचं विचारलं होतं, काय खास तठे? मी म्हटलं, मिळेल ते. मिलचा विषय तुम्ही काढला नाहीत, मीही नाही.

सगळ्यांना मी हे असंच सांगत आलो. सुरतेत पोरांना सांगितलं, इथं चाचाला सांगितलं. माझ्या बापानं माझ्या ताटात माती कालवली. सोळा वर्षांचं पोर, चुकलं, त्याला कळलं नाही, तर झाकायचं की चारचौघांत उघडं करायचं? ऐकणारा दर वेळी म्हणतो, हो यार, हे वाईट झालं. मलाही बरं वाटतं. चाचा एकटा असं म्हणाला नाही. त्यानं विचारलं, "दाना कैसा था?" मी म्हटलं गीला था. तो म्हणाला, ते तुझ्या बापानं सांगितलं, मला कळलं. तुझ्या दाताला कसा लागला ते विचारतोय. मी विषय बदलला. हे काल झालं. तेव्हापासून लिहावंसं वाटत होतं.

चेपला होता, नाना. दाताखाली तो दाणा फुटला नाही, बसला. आवाजच आला नाही. को... म्हणण्याआधीच मला कळलं होतं की माल ओला आहे. मला तुमचं काम येत होतं. ओठाकडे बघायची गरज कधीच संपली होती आणि मी बघत राहिलो, कारण दाणा कधी हं म्हणत नाही. आता इतक्या वर्षांनी वाटतं, तुम्हालाही ते ठाऊक असावं, म्हणूनच ओठ आवळून उभे राहिलात. किंवा नसेलही. हे विचारायची सोय राहिली नाही.

हे कळून भीती गेली असती तर बरं झालं असतं. गेली नाही. वाढलीच आहे. तेव्हा येत नव्हतं असं तरी म्हणता येत होतं. आता उद्या येत असूनही मी साहेबाच्या तोंडाकडे बघून हो म्हटलं, तर कुणाचं नाव घेऊ? मी चाचाला सांगून ठेवलंय, आज रात्रीपर्यंत जमेल तेवढ्या वेळा विचार, दो और दो पाँच, आणि चेहरा जेवढा वाईट करता येईल तेवढा कर. सकाळपासून अकरा वेळा विचारलं त्यानं. आठ वेळा मी चार म्हटलं. तीनदा गप्प राहिलो. जी एकदाही आलं नाही, पण चार म्हणताना आवाज असा निघतो की चाचा म्हणतो, कुणी मेलंय का घरात.

फॉर्म समोर आहे. हे लिहितोय ते त्याच फॉर्मच्या जादा झेरॉक्सच्या पाठीमागे लिहितोय, चार कॉप्या काढल्या होत्या चुकतील म्हणून. सगळे रकाने भरले, शिक्षणाचा राहिलाय. तिथं छापलंय की किमान दहावी. चाचा म्हणतो दहावी पास लिही, कोण शाळेत विचारायला जातंय. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, खरं ते लिही, पुढचं मी सांगू शकत नाही. त्यांच्या तोंडावरून काही कळतंय का ते मी बघत होतो, मग खाली बघितलं. आत्ता मधे पेन ठेवून मी तो रकाना भरून आलो. नववी पास लिहिलं. लिहून झाल्यावर अक्षर एवढं बारीक आलंय की साहेबाला चष्मा लागेल, पण लिहिलंय. ते वाचून त्यानं पहिल्या मिनिटाला बाहेर काढलं तर वाट्यांपर्यंत मी पोचणारही नाही. हे सारखं मनात येतंय. रकान्यात अजून थोडी जागा आहे, पुढं काहीतरी लिहावं असंही वाटतंय. लिहीत नाही.

हा कागद तुमच्याकडे कुठून पोचणार, आणि आईच्या हाती पडला तर ती कुणाकडून तरी वाचून घेईल आणि रडेल, म्हणून तिलाही नाही. तिला फोन करायचाय. ती आता गावी काकांकडे असते, बाजाराच्या दिवशी साक्रीला जाऊन पैसे काढते. पैसे कमी पाठवले की मी दर वेळी सांगतो ठेकेदारानं अडवले, आणि ती ठेकेदाराला शिव्या देते. तो बिचारा या एका बाबतीत साफ आहे. कधी मी सिनेमाला गेलो, कधी नवीन मोबाइल घेतला, कधी नुसतेच उडवले. या महिन्याला डॉक्टर झाला, फोटो झाला, पांढरा शर्ट आणि काळे बूट झाले, चाचा म्हणाला चपलेवर कुणी घेत नाही. मी आत्ता फोन लावणार आहे आणि सांगणार आहे की आई, पाठ दुखते, उद्या इंटरव्ह्यू आहे, बूट घेतले, आणि ठेकेदारानं काहीही अडवलेलं नाही. ती मधे गप्प होईल, तेव्हा मला घाई करून काहीतरी गोड बोलावंसं वाटेल. ते बोलायचं नाही. दर महिन्याला सात पाठवतो, या वेळी चार हजार तीनशे पाठवतोय.